दात तर पडतेच ना, बाई!

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक आटोपली होती. हिशेब झाला, सह्या-अंगठे झाले आणि एका मैत्रिणीने पदरातून फुटाण्यांचा पुडा काढला. बैठकीतला खरा विषय तर फुटाणे आल्यावरच सुरू होतो! गप्पांच्या नादात मी मूठभर तोंडात टाकले आणि 'कट्' असा आवाज झाला. फुटाण्यात खडा होता. तो हातावर काढला तर सोबत एक पांढरा तुकडाही आला. माझ्या खालच्या दाढेचा निम्मा भाग.

गंमत म्हणजे काहीच दुखलं नाही. जिभेला दाढेची कड टोचत होती, एवढंच. शेजारची म्हणाली, "काऊन वो बाई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, दात तुटला." त्यावर आमच्या गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ मावशी शांतपणे म्हणाल्या, "दात तर पडतेच ना, बाई. कोणाचे जन्मभर राह्यते?" सगळ्या हसल्या, मीही हसले आणि विषय संपला.

मैत्रिणींनो, तो विषय तिथे संपायला नको होता. माझ्या घरी तर तो पुढे आठ महिने संपूनच होता. दुखत नाही ना, मग कशाला जायचं? मुलाची परीक्षा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग सणवार. गावोगावच्या बायांना आरोग्य शिबिरात नेऊन बसवणारी मी, स्वतः मात्र एका बाजूने जेवत होते.

न दुखणारी दाढ

ती दुखत का नव्हती, हे मला नंतर कळलं. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच दाढेचं रूट कॅनाल झालं होतं. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "ताई, यावर टोपी बसवून घ्या." पण दुखणं थांबलं होतं. टोपीचे पैसे त्या महिन्यात मुलाच्या शिकवणीला गेले आणि टोपी राहिली ती राहिलीच.

आपल्यापैकी कितीजणींचं असं झालं असेल! रूट कॅनाल म्हणजे काय, तर दाताच्या पोटात मऊ गर असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की दात ठणकतो. डॉक्टर तो गर काढून मुळातली नळी साफ करतात आणि रबरासारख्या गटापर्चा नावाच्या पदार्थाने ती भरून बंद करतात. दुखणं थांबतं. पण किडीने आणि उपचाराने मिळून दाढ आतून पोकळ झालेली असते. चावताना सगळा जोर त्या पातळ भिंतींवर येतो. एखाद्या दिवशी खडा, सुपारी, नाहीतर साधा भाकरीचा कडक पापुद्राही पुरतो. म्हणून मागच्या दाढेवर रूट कॅनालनंतर टोपी घालायला सांगतात. ती टोपी शोभेसाठी नसते. भिंती फाकू नयेत म्हणून घातलेलं ते कडं असतं.

"काढून टाका"

शेवटी थंडीत हिरडी सुजली तेव्हा मी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "फारच तुटलाय. काढून टाकावा लागेल." मी मान डोलावली. माझ्या आईचे दात असेच एकेक करून गेले. पंचावन्नाव्या वर्षी तिला कवळी आली आणि मक्याचं कणीस खाणं तिने कायमचं सोडलं. खुर्चीतून उठताना मला तेच आठवलं. "दोन दिवसांनी येते," म्हणून मी बाहेर पडले.

आपल्या वर्ध्याचं एक बरं आहे. बजाज चौकातून ऑटोत बसलं की थोड्याच वेळात यवतमाळ रोडवर सावंगी मेघेला पोचतो. तिथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात उपचार शिकाऊ डॉक्टर करतात, पण त्यांच्या डोक्यावर शिक्षक उभे असतात. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो, पण वेळ जास्त लागतो आणि खेपा जास्त होतात. पैसा वाचवायचा तर वेळ द्यावा लागतो, हा हिशेब आधीच मनाशी करून जावं. नागपूरलाही शासकीय दंत महाविद्यालय आहे. दात काढायचाच असं कोणी सांगितलं, तर अशा ठिकाणी दुसरं मत घेण्यात कसलाच अपमान नाही. लुगडं घेताना आपण चार दुकानं फिरतो. दात तर एकदा काढला की परत बसवता येत नाही.

मुसळाची वसवी

तिथे एक्स-रे काढला आणि एका मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. दात वाचेल की नाही, हे तो केवढा तुटला यापेक्षा कुठे आणि कसा तुटला यावर ठरतं.

नुसता कोपरा उडाला असेल तर घासून गुळगुळीत करतात किंवा दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात. एका खेपेचं काम. तुकडा मोठा गेला आणि गार पाण्याची कळ येऊ लागली, तर भरून वर टोपी. गर उघडा पडून लाल ठिपका दिसत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर बहुतेकदा रूट कॅनाल आणि टोपी. दात हिरडीपर्यंत तुटला असेल तर प्रश्न येतो तो टोपीला धरायला जागा कुठून आणायची याचा.

हे सांगताना त्या 'कडं' 'कडं' म्हणत होत्या. मला पटकन आठवलं ते मुसळ. मुसळाच्या टोकाला लोखंडी वसवी असते ना? ती लाकडाला चारी बाजूंनी आवळून धरते, म्हणून इतके घाव सोसूनही मुसळ चिरत नाही. दाताच्या टोपीचंही तसंच. हिरडीच्या वर चारी बाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर मूळचा दात शिल्लक असावा लागतो. टोपी त्याला आवळून धरते. तेवढाही नसला तर टोपी नुसत्या सिमेंटच्या भरवशावर उभी राहते आणि एक दिवस निघते, नाहीतर मूळच चिरतं. मी वसवीचं उदाहरण दिलं तेव्हा मॅडम हसल्या. म्हणाल्या, "आता मी पेशंटला असंच सांगते."

तेवढा दात शिल्लक नसेल तरी दोन वाटा असतात. एक म्हणजे छोटी शस्त्रक्रिया करून हिरडी आणि तिच्याखालचं थोडं हाड कमी करायचं, म्हणजे दडलेला दात उघडा होतो. दुसरी म्हणजे तार लावून मूळ हळूहळू बाहेर ओढून घ्यायचं. ही बहुधा पुढच्या दातांसाठी, आणि तिला काही आठवडे लागतात. मग मुळातल्या नळीत खुंटी बसवायची, खुंटीभोवती सिमेंटचा गाभा उभारायचा आणि त्यावर टोपी. खुंटीने दात मजबूत होतो, असं मला वाटलं होतं. तसं नाही. खुंटी फक्त गाभा धरून ठेवते. दात चिरू न देण्याचं काम वसवीचंच.

आणि मूळच उभं चिरलं असेल तर? मग मात्र काढण्याशिवाय सहसा इलाज नसतो. अशी चीर कधीकधी एक्स-रेतही दिसत नाही. हिरडीला एकाच ठिकाणी खोल फट पडते, पुळी येते-जाते, त्यावरून डॉक्टर ओळखतात.

माझी चीर हिरडीच्या जरा खाली जाऊन थांबली होती. मूळ शाबूत होतं. पण आठ महिने दाढ उघडी राहिल्यामुळे जुन्या भरणात लाळ मुरली होती, जंतू शिरले होते. म्हणून रूट कॅनाल पुन्हा करावं लागलं. मग हिरडीची शस्त्रक्रिया, खुंटी, टोपी. मिळून सात खेपा झाल्या. तुटल्या आठवड्यात गेले असते तर निदान तीन वाचल्या असत्या, असं मॅडमनीच सांगितलं. फुटाण्यातल्या खड्याला मी उगाच बोल लावत होते.

तिच्या दाढेचा हिशेब

माझ्या चौथ्या खेपेला आमच्या गटातली एकजण सोबत आली. कापूस वेचायला जाणारी. तिचीही खालचीच दाढ तुटलेली आणि गाल सुजलेला. ठणका सहन होईना म्हणून ती दाढेत तंबाखूची चिमूट धरत होती. आपल्याकडे कित्येक बायांची तंबाखूशी ओळख अशीच होते. दात दुखतो म्हणून धरलेली चिमूट दात बरा झाल्यावरही सुटत नाही. तंबाखूने घटकाभर बधिर वाटतं, पण कीड आणि पू आपलं काम करतच राहतात. शिवाय तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच.

तिचा एक्स-रे पाहून मॅडम म्हणाल्या, "वाचू शकते. पाच-सहा वेळा यावं लागेल." माझा चेहरा फुलला. तिचा नाही. तिने बोटांवर मोजलं. सीझन सुरू होता. किलोवर वेचाईचे पैसे. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, वर गावाहून येण्याजाण्याचं भाडं. "डाक्टरीन बाई," ती म्हणाली, "एका खेपीत होईन असं काही हाय का?"

होतं. काढणं.

मी तिला समजावलं, थोडं दटावलंही. पैसे मी देते म्हटलं. ती म्हणाली, "तुमी भाडं द्यान बाई, पन माह्या वाटचा कापूस कोन वेचन?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ताई, दात काढणं हाही उपचारच आहे. पू आत ठेवून घरी जाण्यापेक्षा तो केव्हाही चांगला. फक्त काय वाचू शकत होतं, हे तिला कळलेलं असावं." ते तिला कळलं होतं. तिने दाढ काढली आणि दोन दिवस आराम करायचा सोडून दुसऱ्याच दिवशी वेचाईला गेली.

एकाच जबड्यातली, एकाच जागेची दाढ. माझी टोपी घालून तोंडात आहे, तिची नाही. उपचारांची यादी दोघींसाठी सारखीच होती. पण त्या यादीतून निवड करायची मुभा सारखी नव्हती. हे मला तेव्हा लागलं, अजूनही लागतं.

रिकाम्या जागेचं काय?

दाढ काढली की विषय संपत नाही. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात लांबून त्या जागेत उतरतो, तिथलं हाड हळूहळू झिजतं. म्हणून जागा भरायचा विचार करावा. त्याचे तीन प्रकार.

पहिला, काढता-घालता येणारा दात. सगळ्यात स्वस्त. रोज काढून धुवावा लागतो, रात्री पाण्यात ठेवावा लागतो. सवय व्हायला वेळ लागतो.

दुसरा, ब्रिज. दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर टोप्या आणि मध्ये खोटा दात टांगलेला. पक्का असतो, पण दोन चांगले दात घासावे लागतात.

तिसरा, इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने थांबायचं आणि मग वर दात. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवतं, हे स्वीडनच्या ब्रेनमार्क या डॉक्टरांनी शोधून काढलं आणि 1965 साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. शेजारच्या दातांना धक्का लागत नाही. पण हा सगळ्यात महागडा उपाय. साखर ताब्यात नसेल किंवा तंबाखू-खर्रा सुरू असेल तर तो फसण्याची भीतीही जास्त.

कधीकधी अगदी मागची दाढ असेल तर जागा तशीच ठेवूनही चालतं. तेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

हे लक्षात ठेवा

- दात तुटला की तुकडा सापडला तर पाण्यात किंवा दुधात घालून सोबत न्या. पुढच्या दाताचा तुकडा कधीकधी चिकटवता येतो.
- मुलं खेळताना पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मूळ घासू नका. मातीत पडला असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा आणि जमलं तर लगेच जागेवर बसवा. नाही जमलं तर थंड दुधात टाकून दवाखाना गाठा. अर्ध्या तासात पोचलात तर दात जगण्याची आशा चांगली, पुढे ती झपाट्याने कमी होते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.
- सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते, ती पक्की असते. आधीची कोणतीही दाढ न पडता ती येते, म्हणून आया तिला दुधाची समजतात आणि किडू देतात.
- दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी धरू नका, हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाचा बोळाही तासन्‌तास ठेवू नका.
- सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. सुजेवर शेक घेत बसू नका.
- गरोदरपणी दात दुखला तर अंगावर काढू नका. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा. ठणका किंवा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात दाखवा, आणि गरोदर असल्याचं आधी सांगा.
- मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं, हे सगळं दातांच्या डॉक्टरांना सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रजिस्टरमधला रकाना

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका बाईची मुलगी सायकलवरून पडली. समोरचा दात हिरडीजवळ तुटला. मुलगी अकरावीत. कॉलेजात जाणं बंद, बोलताना तोंडावर ओढणी. आईला लग्नाची काळजी आणि मुलीला उद्याच्या वर्गाची. मूळ चांगलं होतं, रूट कॅनाल, खुंटी आणि टोपीने काम होणार होतं. पैसे नव्हते.

बैठकीत विषय निघाला. आमच्या गटाच्या कर्जाच्या रजिस्टरमध्ये 'कारण' असा एक रकाना आहे. मी मागची पानं चाळली. बियाणं, खत, बोअर, मुलाची फी, लग्न, शेळी, नवऱ्याचं ऑपरेशन. बारा वर्षांत बाईच्या दातासाठी कोणी कर्ज मागितलेलं नव्हतं. मागायचं असतं, हेच आम्हाला सुचलं नव्हतं. दात तर पडतेच ना!

गंमत अशी की पहिला होकार आला तो त्या कापूस वेचणाऱ्या मैत्रिणीचा. "द्या तिले," ती म्हणाली. "माह्या टायमाले मी मागतलंच नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "आन् खेपी किती हायेत ते इचारा. आपण पाळीपाळीनं तिच्यासंगं जाऊ. तिच्या मायचा रोज बुडाला नाही पायजे."

इतकं साधं होतं ते. माझ्या खेपेला मी भाड्याचे पैसे पुढे केले होते. तिच्या वाटचा दिवस कोण भरून काढेल, हा विचार मला शिवला नव्हता. तो तिला सुचला, कारण तिने तो दिवस मोजला होता.

मुलीचा दात झाला. आम्ही चौघी पाळीपाळीने गेलो. कर्जाचे हप्ते नियमित येत आहेत. रजिस्टरमध्ये माझ्याच हाताने लिहिलंय, कारण : दात. त्याखाली आता आणखी दोन नावं आली आहेत. त्यातलं एक त्या ज्येष्ठ मावशींचं आहे.

सेवाग्रामला बापूकुटी पाहायला पाहुण्यांना नेते, तेव्हा फोटोतलं बापूंचं बोळकं हसू नेहमी दिसतं. किती गोड दिसतं ते! पण ते हसू बापूंना शोभलं. आपल्याला अजून पुष्कळ वर्षं फुटाणे खायचे आहेत. तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री दात घासताना आरशासमोर जरा तोंड उघडून बघा. जीभ एखाद्या कडेला अडखळत असेल, एखादी टोपी घालायची राहून गेली असेल, तर या आठवड्यातच दवाखान्यात जाऊन या. आणि हो, फुटाणे निवडून घ्या.